जिमखान्याच्या खिडकीतून : विद्यापीठात घालू की कॉलेजात?

बारावीचा निकाल लागला की माझ्या टपालात दोन प्रकारची पत्रं वाढतात. 'मुलीला आता खेळ सोडायला सांगू का?' हा एक प्रकार, आणि 'विद्यापीठ चांगलं आहे का हो?' हा दुसरा. या खेपेला बहुतेक पत्रं शिवाजी विद्यापीठाबद्दलची आहेत, म्हणून हा महिना त्यालाच देते. मी तिथली कुणी अधिकारी नव्हे. त्या विद्यापीठाच्या एका संलग्न महाविद्यालयात ३१ वर्षं शारीरिक शिक्षण संचालक होते. पदाचं नाव एवढं लांब, पोरं मात्र 'जिमखाना मॅडम' म्हणून मोकळी व्हायची. निवृत्तीनंतरही माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात शिट्टी आहे.

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला ६८ टक्के पडले. ती ८०० मीटर पळते, शाळेकडून विभागापर्यंत गेली होती. आमचे हे टेम्पो चालवतात. पाहुणे म्हणतात, हिला थेट कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात घाला, तिथं शिक्षण आणि खेळ दोन्ही एका जागी मिळेल. आजऱ्यातून एवढ्या लांब पाठवायला जीव होत नाही. काय करावं?
— एक आई, आजरा

उत्तर : ताई, आधी पाहुण्यांचा घोळ निस्तरते. 'शिवाजी विद्यापीठात शिकलो' असं जे म्हणतात, त्यांतल्या बहुतेकांनी विद्यापीठाचं आवार पदवीदानाला नाहीतर मार्कलिस्टच्या दुरुस्तीला पाहिलेलं असतं. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या ३ जिल्ह्यांतली अडीचशेहून अधिक महाविद्यालयं या विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यानगरचं जे ८५३ एकरांचं आवार आहे, ज्याच्या मुख्य इमारतीसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथं मुख्यतः एम.ए., एम.एस्सी.चे विभाग आहेत. बी.टेक.सारखे अपवाद आहेत, पण साध्या बी.एस्सी.ला तुमची लेक कुठल्या तरी महाविद्यालयातच जाणार. मग ते कोल्हापुरातलं असो, गडहिंग्लजचं असो की आजऱ्याचं. पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं.

खेळाचंही तसंच आहे. मुलीनं आजऱ्याच्या कॉलेजातून नाव दिलं म्हणून विद्यापीठाच्या संघाचं दार बंद होत नाही. आधी विभागीय स्पर्धा होतात, त्यातून आंतरविभागीय, आणि तिथं जी पोरं चमकतात त्यांच्यातून विद्यापीठाचा संघ निघतो. पुढे सराव शिबिर आणि मग आंतरविद्यापीठ स्पर्धा. कबड्डी, खो-खो अशा सांघिक खेळांत आधी देशातला पश्चिम विभाग पार करायचा असतो. तिथले पहिले ४ संघ अखिल भारतीयला जातात. त्याशिवाय राज्यातल्या विद्यापीठांची 'अश्वमेध' क्रीडा स्पर्धा असते. या साखळीत पहिली कडी कॉलेजची आहे. ती कच्ची असेल तर वरचं काही उपयोगाचं नाही.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नका, वेळापत्रक बघा. मी एक पोर गमावलेली आहे, तिचं सांगते. गडहिंग्लजकडची होती, १५०० मीटर पळायची. माझ्याकडं अकरावी-बारावीला होती. घरच्यांनी हौसेनं मोठ्या नावाच्या एका कॉलेजात घातली. तिथं रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक साडेपाचला सुटायचं आणि तिची शेवटची सोयीची एस.टी. पावणेसहाला. सकाळी मैदानावर यायचं तर पहाटे साडेतीनला उठायला लागायचं. दिवाळीपर्यंत तिनं रेटलं. दिवाळीच्या सुट्टीत स्पाइक्स धाकट्या भावाला देऊन टाकले. कुणी तिला खेळ सोड म्हणालं नव्हतं. वेळापत्रकानंच ते काम केलं.

तुम्ही प्रवेशाआधी कॉलेजात जा आणि प्राचार्यांच्या केबिनआधी जिमखान्यात डोकवा. दार उघडं आहे का बघा, ही पहिली परीक्षा. मग विचारा : गेल्या वर्षी विभागीय ॲथलेटिक्सला किती मुली नेल्या होत्या? नोंदवही दाखवा म्हणा, लाजू नका. सरावाला सकाळी कोण असतं? स्पर्धेमुळं प्रात्यक्षिक बुडलं तर परत घेतात का, आणि स्पर्धेच्या दिवसांची हजेरी लावतात का? 'बघू, सांभाळून घेऊ' असं उत्तर आलं तर ते 'नाही' समजा. सांभाळून घेणारे सर बदलून गेले की पोरगी अडकते. मुलींसाठी कपडे बदलायला खोली आहे का, हेही विचारा. हा प्रश्न बापमाणसं विचारत नाहीत, तुम्हीच विचारायला पाहिजे.

या पट्ट्यातलं एक उदाहरण तिला सांगा. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोही गावची. दुष्काळी भाग. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीची, अंतिम फेरी तिनं गाठली आणि दहावी आली. १९८४ ला पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत पळाली होती, त्यानंतर ३२ वर्षांनी भारतीय बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत दिसली. गाव लहान म्हणून ललिताचं अडलं नाही. मात्र तिला धावू देणारी माणसं तिच्याभोवती होती.

माझं मत विचाराल तर बी.एस्सी. घराजवळ करू द्या, जिमखाना जागा असेल तर. ३ वर्षांनी एम.एस्सी.ला विद्यानगरला पाठवा. तोवर ती शहाणी होईल आणि तुमचाही जीव धीट होईल. तेव्हा पैशाची अडचण आली तर 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी करा. पहिले कुलगुरू, इतिहासाचे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या नावाचं विद्यार्थी भवन तिथं आहे. काम करून शिकणाऱ्या मुलांच्या पिढ्या त्यातून बाहेर पडल्यात. माझ्या ओळखीतले २ प्राध्यापक असेच शिकले. मुलींसाठी त्या वेळी काय सोय आहे ते विद्यार्थी विकास विभागात थेट विचारा.

प्रश्न : नॅकची 'ए प्लस प्लस' मिळाली म्हणून केवढी पोस्टरं लागली होती. या श्रेणीनं माझ्या पोराला नोकरी लागणार आहे का? की नुसतीच रंगरंगोटी?
— एक वैतागलेला बाप, इचलकरंजी

उत्तर : साहेब, नोकरी लागणार नाही. पण रंगरंगोटी म्हणून उडवूही नका. नॅक म्हणजे विद्यापीठं-कॉलेजं तपासून श्रेणी देणारी राष्ट्रीय संस्था. तिच्याकडून शिवाजी विद्यापीठाला २०१४ मध्ये ३.१६ गुण आणि 'ए' श्रेणी होती. २०२१ मध्ये ३.५२ गुण मिळून 'ए प्लस प्लस' झाली. ४ पैकी गुण असतात. यात शिकवणं, संशोधन, ग्रंथालय, परीक्षांचा कारभार, विद्यार्थ्यांच्या सोयी असं सगळं मोजलं जातं. मी आमच्या कॉलेजच्या नॅकसाठी १० वर्षांच्या क्रीडा नोंदी रात्र रात्र बसून लावल्यात, त्यामुळं कागद किती आणि काम किती हे मला कळतं. कागद पुष्कळ असतो, हे कबूल. पण नुसत्या कागदावर एवढी उडी बसत नाही.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ही श्रेणी विद्यापीठाची आहे. तुमचा मुलगा ज्या कॉलेजात जाईल त्याची नॅक वेगळी असते. पोस्टर विद्यापीठाचं आणि फी कॉलेजची, असा गोंधळ प्रवेशाच्या दिवसांत मुद्दाम होऊ दिला जातो. कॉलेजची स्वतःची श्रेणी मागा.

आणि श्रेणीपेक्षा विभाग बघा. माझा भाचा तिथं पदार्थविज्ञानात एम.एस्सी. आणि मग पीएच.डी. झाला. त्याचं काम मी एकदा पाहायला गेले होते. मला वाटलं काहीतरी अवाढव्य यंत्र असेल. तर तापवलेल्या काचपट्टीवर बारीक फवाऱ्यानं द्रावण मारत बसलेला. 'स्प्रे पायरोलिसिस' म्हणे. त्या काचेवर जो थर बसतो तो डोळ्यांना दिसेल न दिसेल इतका पातळ, आणि त्यातून सौरऊर्जेची, गॅस ओळखणाऱ्या सेन्सरची कामं होतात. या पातळ थरांच्या अभ्यासात कोल्हापूरचं नाव आहे. साधनं बेताची असताना, तुलनेनं स्वस्त पडणारी पद्धत धरून त्यात वर्षानुवर्षं खोल जायचं, हे मला पैलवानी शहाणपण वाटतं. एकच डाव, पण असा घोटलेला की समोरच्याला सुटू नये.

वनस्पतिशास्त्राचंही असंच. सह्याद्री उशाला आहे, त्याचा फायदा त्या विभागानं घेतला. डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पश्चिम घाट पायी तुडवून नव्या वनस्पती शोधल्या, कंदीलपुष्पांसारख्या दुर्मिळ होत चाललेल्या जाती विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढवल्या. पावसाळ्यात मुलाला घेऊन ते उद्यान बघून या. कंदिलासारखं ते इवलं फूल बघून पोराचा चेहरा उजळला तर अर्ज कुठल्या विभागात भरायचा ते ठरलं. नाही उजळला तर संगीत-नाट्य विभागापासून तंत्रज्ञानापर्यंत दुसरी दारं त्याच आवारात आहेत.

प्रश्न : मॅडम, मी २४ वर्षांचा आहे. एमआयडीसीत काम करतो. बारावी होऊन ६ वर्षं झाली. कुस्ती चालू आहे. आता दूरशिक्षणातून बी.ए.ला प्रवेश घेऊन विद्यापीठाकडून अखिल भारतीयला उतरायचा विचार आहे. जमेल ना?
— एक पैलवान, शिराळा

उत्तर : नाही जमणार, बाळा. फी भरायच्या आधी विचारलंस हे बरं केलंस. देशातल्या विद्यापीठांची संघटना असलेल्या भारतीय विद्यापीठ संघाचे नियम कडक आहेत. आंतरविद्यापीठ स्पर्धेला नियमित, पूर्णवेळ विद्यार्थीच लागतो. दूरशिक्षणातलं नाव चालत नाही. वय १७ ते २५ मध्ये पाहिजे, आणि बारावीनंतर ८ वर्षांच्या आत खेळायचं. म्हणजे तुझ्याकडं फार तर एखादा मोसम आहे, तोही जन्मतारीख बाजूनं पडली तर. शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि आधारवरची तारीख एकच आहे का, हे आजच बघ. वजनाच्या दिवशी काट्यावर उभं राहिल्यावर कागदात घोळ निघून रडलेली पोरं मी पाहिलीत.

नियमित प्रवेश घ्यायचाच असेल तर सकाळच्या सत्रात वर्ग भरणारं कॉलेज शोध, दुपारपाळी मागून घे. पण नुसता लंगोट लावायला प्रवेश घेऊ नकोस. असल्या 'पाहुण्या' विद्यार्थ्यांनी माझा फार छळ केलाय. स्पर्धेला हजर आणि परीक्षेला बेपत्ता. त्यांच्यामुळं एका गुणी पोराची जागा जाते.

मुळात तुला विद्यापीठ कशाला पाहिजे? महाराष्ट्र केसरीची वाट जिल्हा तालीम संघाच्या निवड चाचणीतून जाते, तिथं मार्कलिस्ट लागत नाही. आणि मनात सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण असेल, तर कुठल्या स्पर्धेचं आणि कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र कुठल्या पदाला चालतं हे विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात विचारून घे. पडताळणी तिथंच होते. तालमीतल्या थोरल्या पैलवानाच्या तोंडच्या माहितीवर जाऊ नकोस, ती माहिती बहुतेक वेळा १० वर्षं जुनी असते. दूरशिक्षणाची बी.ए. मात्र कर. कुस्तीसाठी नको, पस्तिशीनंतरच्या आयुष्यासाठी कर.

प्रश्न : आमच्या वेळी सोलापूरची कॉलेजंही शिवाजी विद्यापीठातच होती. खाशाबा जाधव हे या विद्यापीठाचे विद्यार्थी, असं परवा एका कार्यक्रमात वक्त्यानं ठोकून दिलं. मला शंका आली. खरं काय?
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : गुरुजी, तुमची शंका बरोबर आहे. खाशाबांनी हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीत कांस्यपदक जिंकलं ते १९५२ मध्ये. विद्यापीठाचं उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं १८ नोव्हेंबर १९६२ रोजी. १० वर्षांचं अंतर आहे. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. ते कॉलेज १८८० चं, विद्यापीठापेक्षा कितीतरी थोरलं. पुढे ते या विद्यापीठाला जोडलं गेलं, एवढाच धागा. तुमचं सोलापूर २००४ ला वेगळं झालं. उद्या कुणी तुमच्या १९८० च्या पदवीवर सोलापूर विद्यापीठाचा शिक्का मारला तर चालेल का? तसंच हे.

पण वक्त्याला एक खरी गोष्ट हाताशी होती आणि ती त्यानं सांगितली नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला नाव आहे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचं. आत हजारो पोरं अभ्यासाला बसतात, त्यांतल्या किती जणांना हे खर्डेकर कोण ते माहीत असेल? ते राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य. हेलसिंकीला जायला खाशाबांकडं पैसे नव्हते. त्यांच्या गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तरी भागेना. तेव्हा खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९५२ चे ७,००० रुपये!

पोरानं काय केलं ते बघा. ४ वर्षांपूर्वी लंडनला सहावा आला होता, आता वरच्या वजनगटात उतरला. जपानच्या इशीशी लांबलेली लढत हरला, आणि पुरता दम घ्यायला न मिळता लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहावं लागलं. दाद मागायला सोबत जबाबदार माणूस नव्हता. तरीही कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्याच्या पैशातून सरांचं घर सोडवलं. १९५५ ला ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात.

मी दर वर्षी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात ही गोष्ट सांगायचे, आणि पुस्तकं घ्यायला ग्रंथालयात पाठवायचे. खेळाडूसाठी घर गहाण टाकणाऱ्या माणसाचं नाव जिमखान्याला नाही, ग्रंथालयाला आहे. मला ते फार आवडतं.

जाता जाता तुमच्या वक्त्यांसाठी आणखी एक. तेजस्विनी सावंत २०१० ची विश्वविजेती, राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेची सुवर्णविजेती, राधानगरीतल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसचा कांस्यविजेता. तिघंही नेमबाज आणि या मातीतली. पण नेमबाजी ही रेंजवर, रायफलच्या आणि गोळ्यांच्या खर्चात, घरच्यांच्या कर्जात आणि स्वतंत्र प्रशिक्षणात घडते. जिल्ह्यात कुणी पदक आणलं की सगळ्या संस्थांच्या फलकांवर त्याचं अभिनंदन लागतं. अभिनंदन जरूर करावं, मालकी सांगू नये.

प्रश्न : नव्या शैक्षणिक धोरणात खेळालाही क्रेडिट आहे म्हणतात. मग मी रोज व्हॉलीबॉल खेळले तर पास होणार का?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तेवढ्यावर नाही गं! पदवीच्या सुरुवातीच्या सत्रांत सहअभ्यासक्रमासाठी क्रेडिट ठेवलीत, त्यात खेळ, योग, एन.एस.एस., एन.सी.सी., कला यांतून निवडायचं असतं. ३ वर्षांच्या पदवीला एकूण १२० च्या वर क्रेडिट लागतात, त्यातला हा लहानसा वाटा. मैदानावरच्या एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात. आम्ही ३१ वर्षं 'खेळ हा विषय आहे' म्हणून ओरडत होतो, तो शेवटी गुणपत्रिकेत आला. मला एकच भीती आहे, कॉलेजं मैदान न उघडता वर्गात बसवून व्हॉलीबॉलच्या जाळीची उंची पाठ करून घेतील. तुमच्याकडं तसं चाललं असेल तर मला लिही. मुलींच्या जाळीची उंची २.२४ मीटर, ही घे पाठ करून, आणि मैदानावर जा.

प्रश्न : विद्यापीठाच्या फुटबॉल संघात कायम कोल्हापूरचीच पोरं कशी? निवडीत काही गडबड असते का?
— एक संशयी वाचक, सातारा

उत्तर : निवडीवर मी पुष्कळ भांडलेय, पण फुटबॉलवर नाही. महाराष्ट्रात बाकी गावांत गल्लीत क्रिकेट चालतं, कोल्हापुरात पेठेत फुटबॉल चालतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ या तालमी-मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की भर उन्हात गॅलरी गच्च असते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. तिथलं पोर अकरावीत कॉलेजला येतं तेव्हा त्याच्या पायात ५-७ हंगाम खेळून झालेले असतात. साताऱ्याच्या पोराला बूट पहिल्यांदा कॉलेजात मिळतात. गडबड इथं आहे, आणि ती निवड समितीच्या आधी ८-१० वर्षं झालेली आहे.

एकदा आंतरविभागीय सामना बघायला या. मैदान कॉलेजचं असतं, जर्सी कॉलेजची असते, आणि गोल झाला की काठावरची पोरं पेठेच्या नावानं ओरडतात. आमचे प्राचार्य दर वर्षी मला विचारायचे, "मॅडम, हे आपल्या कॉलेजचं नाव का घेत नाहीत?"